जामीन आणि तुरुंगातल्या सोयी: आधी कोणता अर्ज करायचा?

माणूस कच्चा कैदी म्हणून आत गेला की घरच्यांची सगळी धावपळ नियमित जामिनामागे लागते. पण डिफॉल्ट जामिनाची (पोलिसांची चार्जशीट मुदतीत न आल्याने मिळणाऱ्या जामिनाची) मुदत चुकली तर ती परत मिळत नाही, म्हणून आधी तारखा मोजा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) नुसार मुदतीत चार्जशीट आली नाही, तर गुन्हा कितीही गंभीर असो, जामीन हा हक्क ठरतो. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात कोर्ट ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून (कोर्टाने कोठडीत पाठवल्यापासून) होते, आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार रिमांडचा दिवसही धरायचा. ६१व्या किंवा ९१व्या दिवशी कोर्ट उघडताच लेखी अर्ज द्या आणि वेळेसह पोच घ्या. चार्जशीट आधी दाखल झाली, तर हक्क संपला. एल्गार परिषद प्रकरणात १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला. त्याच प्रकरणातल्या इतर आठ जणांना तो मिळाला नाही, कारण त्यांनी हा हक्क वेळेत मागितला नव्हता.

नियमित जामिनात पुरावा, पळून जाण्याची शक्यता, साक्षीदारांवरचा दबाव यांवर वाद होतो. तो फेटाळला तरी परिस्थिती बदलल्यावर पुन्हा मागता येतो. यूएपीएत मात्र कलम ४३ड(५) मुळे (आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही) ही वाट फार अरुंद आहे.

तुरुंगातल्या सोयींचा अर्ज (चष्मा, पलंग, औषधे, बाहेरच्या रुग्णालयात तपासणी) माणसाला सोडवत नाही, म्हणून तो टाळला जातो. हे चुकते. एल्गार प्रकरणातल्याच पार्किन्सनग्रस्त स्टॅन स्वामींना स्ट्रॉ आणि सिपरसाठी २०२० मध्ये कोर्टात जावे लागले. वैद्यकीय जामिनाची सुनावणी सुरू असतानाच ५ जुलै २०२१ ला ते गेले. असा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा. मागणी नेमकी लिहा: कोणते औषध, किती डोस, कोणाची चिठ्ठी. तुरुंग अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचा लेखी अहवाल मागवण्याची विनंतीही त्यातच घाला. ‘प्रकृती ठीक नाही’ एवढेच लिहिले, तर ‘उपचार सुरू आहेत’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि अर्ज निकाली निघतो. नेमक्या मागणीवर आलेले अहवाल आणि आदेश पुढे वैद्यकीय जामिनाचा कणा होतात. त्याच प्रकरणातल्या वरवरा राव यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये आधी सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन मिळाला, ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

म्हणजे सोयींचा अर्ज आजच, डिफॉल्टचा ठरल्या दिवशी, नियमित जामीन त्यांच्या जोडीने. एकामुळे दुसरा अडत नाही.

जामीनदाराची ऐपतीची कागदपत्रे मात्र आदेशाआधीच तयार ठेवा. डिफॉल्ट जामीन मंजूर झाला, पण कोर्टाने दिलेल्या वेळेत जामीनदार उभा राहिला नाही, तर माणूस आतच राहतो आणि मिळालेला हक्कही जाऊ शकतो. ऐपतच नसेल तर अट शिथिल करा, असा अर्ज लगेच द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्यासाठी मोफत मिळतो.