डिप्लोमसी ऑनलाइन, सात महिन्यांनंतर: माझे दोन पॉइंट कुठे गेले?

सात महिने झाले डिप्लोमसी ऑनलाइन खेळतोय. लिहू लिहू म्हणता राहून जात होतं, पण गेल्या महिन्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून आज बसलोच. साइटचं नाव लिहीत नाही, खेळणाऱ्यांना कळेल. गेमही फार समजावत बसत नाही, युरोपच्या नकाशावरचा बोर्डगेम, ७ देश, ३४ सेंटर (नकाशावरच्या जिंकून घ्यायच्या जागा), १८ झाली की जिंकलात, फासे नाहीत, सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम उघडतात.

तर झालं असं की मी ऑस्ट्रिया होतो. ऑस्ट्रिया म्हणजे ट्रिएस्टला लागून इटलीचं व्हेनिस, पहिल्या दिवसापासून शेजारी गळ्यात, बरेच जण लवकरच उडतात. मी १७ सेंटरला पोचलो. सतरा! एक पाहिजे होतं फक्त. पावणेदोन महिने रोज रात्री साडेअकराच्या आत ऑर्डरी टाकल्या, हिंजवडीहून येताना चांदणी चौकात बस अडकली की रशियाला मेसेज, घरी वरण उतू जातंय आणि मी फोनवर बुल्गारियाचा विचार करतोय. शेवटी काय, बरोबरी. मी १७, रशिया १६ आणि तुर्कस्तान १. आणि तिघांना सारखे पॉइंट!

प्रत्येकाने सुरुवातीला २० पॉइंट लावलेले, सात जणांचे मिळून १४०. तिघांना ४६-४६-४६. माझ्या सतरा सेंटरला जेवढे, तेवढेच त्या अंकारात कोपरा धरून बसलेल्याला.

आता हिशोब. सेंटरच्या आकड्याच्या वर्गाप्रमाणे (१७ गुणिले १७ असं) वाटणारी दुसरी पद्धत असते, त्यात १७ चे २८९, १६ चे २५६, १ चा १, बेरीज ५४६. मला ७४ मिळाले असते. रशियाला ६५. तुर्कस्तानला पाव पॉइंट, म्हणजे शून्य. माझे सरळ २८ पॉइंट गेले. बायकोने विचारलं, "किती रुपये होतात त्याचे?" एकही नाही, या पॉइंटांत वडापाव पण येत नाही, पण म्हणून काय सोडून द्यायचे?

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ४६ त्रिक १३८ होतात. १४० मधले दोन कुठे गेले? कोणाच्याच खात्यात नाहीत, मी तिघांची पानं उघडून बघितली. सपोर्टला मेल टाकला, अकरा दिवसांनी उत्तर, "आमच्या स्कोअरिंगची माहिती मदत पानावर आहे." अहो ते पान मी तीनदा वाचलंय म्हणून तर मेल टाकला. परत लिहिलं, परत तेच उत्तर, यावेळी वर माझं नावही चुकीचं.

सारखी वाटणी साइटच्या डोक्यातून निघालेली नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. अ‍ॅलन कॅलहॅमरने १९५९ मध्ये स्वतः शोधलेल्या या गेमचे स्वतःच्या खर्चाने ५०० सेट काढले, आणि पुस्तिकेतला नियम हाच की बरोबरी झाली तर जे जे बोर्डावर उरलेत त्यांची सारखी वाटणी. मला वाटलं, जुन्या लोकांचा भाबडेपणा. असं चार ठिकाणी लिहूनही आलो.

मग गेम संपल्यावर रशियावाल्याशी बोललो आणि जरा गप्प झालो.

गेममधली शेवटची तीन वर्षं मी दर हंगामाला, म्हणजे दर चालीला, कॉन्स्टँटिनोपलहून अंकारावर जायचो, स्मर्नाचा सपोर्ट घेऊन. एक सपोर्ट म्हणजे ताकद एकने जास्त, तर माझी ताकद दोन. अंकाराला मागून रशियाचे दोन सपोर्ट, एक आर्मेनियातून आणि एक काळ्या समुद्रातल्या फ्लीटचा. त्यांची तीन. दर वेळी आपटलो. मला प्रश्न पडायचा की रशिया हा अंकारा स्वतःच का गिळत नाही, दोघांतच वाटणी झाली तर प्रत्येकी ७० मिळतात. तर तुर्कस्तानवाल्याने त्याला सांगून ठेवलेलं, "तू हात लावलास की मी अंकारा ऑस्ट्रियाला देऊन टाकीन, मग बस त्याची १८ मोजत." एक सेंटर, एक आर्मी, आणि सगळा गेम त्या एका मेसेजवर अडवून धरला गड्याने!

आणि मी? मी गेममधल्या १९०५ साली तुर्कस्तानवाल्याला "बुल्गारियात पाय ठेवणार नाही" असं सांगून पुढच्याच हंगामात ठेवला, आणि त्यानंतर त्याला एक ओळ लिहिली नाही. एका सेंटरवाल्याशी काय बोलायचं असं वाटलं. साधी माफी मागून दोन शब्द गोड बोललो असतो तर काय सांगावं, रशियावर चिडून त्याने खरंच दिलं असतं. २०२२ मध्ये मेटाच्या सिसेरो नावाच्या एआयने हा गेम ऑनलाइन ४० वेळा खेळून, एकापेक्षा जास्त गेम खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत नंबर काढला होता, तोही सगळ्यांशी बोलूनबिलून. मशीन बोलतं आणि मी बोलत नाही.

तोवर रागाच्या भरात मी वर्गवाला गेम लावून बसलो होतोच. इथे न्याय मिळेल म्हणून. मिळाली इटली. पहिल्या गेममध्ये सगळे मिळून मोठ्याला अडवत होते, इथे कोणाला पडलेलीच नाही, जो तो शेजाऱ्याचं एखादं सेंटर उचलण्याच्या मागे. शेवटचं वर्ष ठरलेलं होतं, त्या हंगामात तर मी चार जणांना मेसेज टाकले, एकाचं उत्तर नाही. बरोबरच आहे, उद्या तोंड दाखवायचंच नाही तर शब्द कशाला द्यायचा. मी दोन युनिटवर इओनियन समुद्र धरून फ्रान्सला पूर्वेकडे जाऊ दिलं नाही, नाहीतर तो १८ ला पोचत होता. निकाल १५, १२, ५ आणि मी २. मला काय मिळालं? १. वीस लावून एक! तुर्कस्तानवाल्याची लई आठवण आली त्या रात्री.

(तिथेही ७९, ५०, ८ आणि १ मिळून १३८ च होतात. दोन पॉइंट परत गायब. आता बोला.)

बाकीचं थोडक्यात. फोनवर नकाशा बारीक दिसतो, बाल्कनमध्ये बोट भलतीकडे पडतं. जुने मेसेज शोधता येत नाहीत, १९०३ मध्ये कोण काय बोललं ते बघायला अंगठा दुखेपर्यंत वर जावं लागतं. बिनचॅटचा गेमही एकदा खेळलो, त्यात समोरच्याच्या आर्मीला न मागता सपोर्ट द्यायचा, हाच मेसेज. ते आवडलं, पण माझ्यासारख्याला नको, मी आधीच बोलत नाही.

पॉइंटांचा इलाज मात्र सापडला. आता मी १२ च लावतो. सात जणांचे ८४ होतात, दोघांत ४२, तिघांत २८, चौघांत २१, कुठे कणभर सांडत नाही, आणि हरलो तरी आठ वाचले. फक्त पाच जणांत १६-१६ वाटून चार उरतात, ते साइट खाणार. चालू गेममध्ये नेमके पाचच उरलेत. जर्मनीकडे दोन सेंटर आहेत, आणि माणूस फार गोड बोलतो. काल रात्री इंग्लंडला लांबलचक मेसेज लिहिलाय, सात महिन्यांत एवढा मोठा कोणाला लिहिला नव्हता.