जॉर्जियात अपघातानंतर घटलेली किंमत: कंपनीचा हिशोब की स्वतंत्र मूल्यांकन?

अटलांटात गाडी ठोकली गेली, दुरुस्तीही झाली, तरी विकताना भाव पडतोच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालानंतर अमेरिकेतल्या जॉर्जियात या घटीची भरपाई स्वतःच्या विमा कंपनीकडूनही मागता येते.

ही भरपाई ठरवायला कंपनी सहसा ‘१७-सी’ नावाचं सूत्र लावते. २०,००० डॉलरच्या गाडीच्या किमतीचे १० टक्के, म्हणजे २,०००, ही कमाल मर्यादा. मध्यम नुकसान म्हणून त्याचे निम्मे, आणि ५०,००० मैल झाले म्हणून त्याच्या ६० टक्के. उरले ६०० डॉलर! लाख मैल ओलांडले की थेट शून्य. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

स्वतंत्र मूल्यांकनकार बाजारातले खरे भाव दाखवतो. त्याची फी आपल्याच खिशातून जाते, म्हणून जुन्या गाडीला ते परवडेलच असं नाही. नव्या, महागड्या गाडीला मात्र मी हाच मार्ग धरेन.