मुंबई ते न्यूयॉर्क: थेट जावं की मध्ये उतरून?

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांच्या तिकिटावरून घरोघरी हा वाद होतो. थेट विमान महाग, मग मध्ये उतरून का जाऊ नये? आणि उतरायचं तर कुठे?

आधी अंतर बघू. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं तर मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. दुबईमार्गे ते जवळपास १३,००० होतं, लंडनमार्गे तर १२,७५० च्या आसपास. म्हणजे वळसा नावापुरताच. शिवाय थेट विमानही सरळ रेषेत जात नाही. ती रेषा पाकिस्तान, मध्य आशिया आणि रशियावरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना व्हिएन्नात उतरून इंधन घ्यावं लागलं. मुंबईहून अरबी समुद्रावरून निघता येतं, त्यामुळे तिथे या बंदीची झळ कमी.

वेळेत मात्र फरक पडतो. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात, येताना पाठीशी वारा असल्याने दीड-दोन तास कमी. दुबईमार्गे सव्वातीन आणि चौदा, म्हणजे हवेतले सव्वासतरा तास. त्यात विमानतळावरचे तीन-चार तास मिळवा. तिकीट स्वस्त म्हणून नऊ-दहा तासांचा मुक्काम पत्करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. वाचलेल्या पैशांतले निम्मे तिथल्या चहा-सँडविचवरच जातात.

इंग्रजी बोलायला बिचकणारे, एकटे निघालेले सासू-सासरे असतील तर माझं मत सरळ आहे: थेट विमान घ्या आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. पण गुडघे दुखत असतील, पाय सुजत असतील, तर सोळा तास एका खुर्चीत बसणं ही शिक्षाच. अशांना मध्ये उतरून चालणं मानवतं. त्यांच्यासाठी अबू धाबी बघा. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र या तपासणीसाठी मध्ये तीन तास तरी हवेत.

लंडनमार्गे प्रवासाचे जवळपास निम्मे-निम्मे तुकडे पडतात, साडेनऊ-दहा आणि आठ तास. युरोपातून जाणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी पाहून घ्या.

एक गोष्ट कुणीही करू नये: दोन वेगळी तिकिटं जोडणं. पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे गेले, आणि सामान घ्यायला बाहेर पडायचं तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर हवा.

हे सगळं मुंबईकरांपुरतं. पुण्याहून निघणाऱ्याने थेट विमानाच्या वेळेत एक्स्प्रेसवेचे चार तास आणि घाटातली कोंडी धरावी. नागपूरकरांचं तर गणितच उलटं होतं. तिथून दोह्याला विमान जातं, तेव्हा त्यांनी मुंबईला येऊन थेट विमान पकडलं तरी मध्ये एकदा उतरणं चुकत नाहीच. त्यापेक्षा नागपूरलाच सामान चेक-इन करून दोह्यात विमान बदललेलं बरं.