पुदिन्याचा चहा: पॅरिसच्या मशिदीत की तांजिअरच्या कड्यावर?

उत्तर आफ्रिकी पद्धतीचा पुदिन्याचा चहा आणि त्यासोबतची मिठाई यांसाठी मुद्दाम वाट वाकडी करायची असेल, तर पॅरिसच्या मोठ्या मशिदीचे चहागृह आणि मोरोक्कोतील तांजिअरचे काफे हाफा या दोन जागांत निवड करणे सोपे नाही. मुळात चहा एकच आहे: चिनी, गोळ्यांसारखी वळलेली हिरवी पत्ती, ताजा पुदिना आणि भरपूर साखर. दुधाचा थेंबही नसतो, हे आपल्याकडच्या चहाबाजांनी आधीच लक्षात ठेवावे.

पॅरिसची मशीद पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी प्राण दिलेल्या मुस्लीम सैनिकांच्या स्मरणार्थ उभी राहिली आणि १९२६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. चहागृहाचे दार वेगळे, वनस्पती उद्यानाच्या बाजूच्या कोपऱ्यावर आहे, त्यामुळे तेथे कोणीही निःसंकोच जावे. अंजिराच्या झाडांखालच्या अंगणात चहा छोट्या काचेच्या पेल्यात, आधीच गोड करून येतो. हात जरा बाजूला झाला की बशीतला चुरा चिमण्या उचलून नेतात. येथे खरी बाजी मारते ती मिठाई. ‘हरणाचे शिंग’ म्हणवणाऱ्या चंद्रकोरीत पातळ पारीच्या आत बदामाचे सारण असते आणि त्याला नारिंगाच्या फुलांच्या अर्काचा वास असतो. करंजीचीच बहीण म्हणावी, पण तळलेली नव्हे, भट्टीत भाजलेली. मकरूत म्हणजे खजूर भरून मधात बुडवलेली रव्याची वडी, आणि ती एका वेळी एकच पुरते.

काफे हाफा १९२१ पासून समुद्राच्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले आहे. बसायला साध्या खुर्च्या, समोर जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे स्पेनचा किनारा दिसतो. उंच पेला पुदिन्याच्या अख्ख्या डहाळ्यांनी ठासून भरलेला असतो आणि गोडव्यामुळे त्याच्या काठावर मधमाश्या येऊन बसतात; त्यांना न हुसकावता पीत राहणे हेच बरे. चहाचा कस येथेच अधिक लागतो, असे माझे ठाम मत आहे, कारण पुदिना पेल्यातच मुरत जातो आणि शेवटचा घोट पहिल्यापेक्षा तीव्र लागतो. खाण्याचे पर्याय मात्र मोजके आहेत. तीळ लावलेली, मधात घोळलेली शबाकिया जुन्या शहरातील दुकानांतून घ्यावी. उंचावरून फेस काढत ओतलेला चहा पाहण्याची अपेक्षा दोन्हीकडे ठेवू नये. सहसा भरलेले पेलेच आणून ठेवतात.

खर्चापेक्षा अडचण व्हिसाची आहे. स्पेनमधील तारिफाहून बोट साधारण तासाभरात तांजिअरला पोहोचते, परंतु भारतीय पारपत्रधारकांना मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतो आणि फ्रान्स, स्पेनसह युरोपातील अनेक देशांसाठी सामाईक असलेला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत युरोपात येता येत नाही. बहुप्रवेश व्हिसा हाती असेल आणि दोन दिवस मोकळे असतील, तर तांजिअर निवडावे व दुपार कलल्यावर हाफात जावे. नसेल, तर पॅरिसमध्ये कामाच्या दिवशी सकाळी गेल्यास अंजिराखालची जागा मिळण्याची शक्यता अधिक.