नुसती स्क्रीन की ग्रॅव्हल पॅक? वाळू येणाऱ्या तेलविहिरीसाठी काय घ्यावं

निपाणी-चिकोडीकडची दोन-तीन पोरं यंदा गुजरातच्या ऑइल फिल्डवर लागलीत, सुट्टीला गावी आली की एकच प्रश्न, काका विहिरीतनं वाळू येत्या, नुसती स्क्रीन (वाळू अडवणारी फटींची नळी) सोडायची की तिच्याभोवती खडी भरून ग्रॅव्हल पॅक करायचा, वरचे साहेब स्वस्तातलं बघा म्हणतात. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पहिलं म्हणजे आपल्याकडची बोअर डोक्यातनं काढा. इकडं कडक दगड लागेपर्यंत केसिंग आणि खाली बोअर उघडीच, दगड आपला आपण उभा राहतो. मेहसाण्याकडं बालोल, संथाल, लानवा इथं जड तेल आहे आणि ते ज्या वाळूत आहे ती वाळू नीट चिकटलेलीच नाही, घट्ट तेल येताना दाणे सोबत ओढून आणतं. पाणी वाढलं की अजून अवघड. नदीकाठी ओल्या वाळूचा खोपा उभा राहतो पण पाण्यात बुडला की बसतो, तेच खाली होतं.

आता नुसती स्क्रीन. काम लवकर होतं, रिगचे दिवस कमी, पैसा कमी, आणि थरात बाहेरचं पाणी-जेल फार जात नाही म्हणून थराला इजाही कमी. मोठे दाणे फटीवर कमान धरतात आणि मागचे अडतात, पण हे सगळं दाणे एकसारखे असले तरच. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना बघितलं असेल की, भुकटी जास्त असली की चाळण बसते. इथं चाळण तीन-चार महिन्यांनी झटकता येत नाही. आणि अर्धी स्क्रीन बुजली की सगळा प्रवाह उरलेल्या जागेतनं जोरात घुसतो, वाळूसकट, आणि तिथं भोकच पडतं. आमच्या एका विहिरीत असंच झालं, पहिले काही महिने उत्पादन झकास, सगळे खूश, मग एके दिवशी सेपरेटरमध्ये (तेल, वायू, पाणी वेगळं करायच्या टाकीत) वाळूच वाळू, पंप गेला, वर्कओव्हर रिग (विहीर दुरुस्तीची रिग) बोलवावी लागली आणि वाचवलेले पैसे त्यातच गेले. मला अजून वाईट वाटतं कारण थरातली वाळू चाळून दाण्यांची मापं काढलेला रिपोर्ट आधीपासनं टेबलावर होता, आम्हीच नीट वाचला नव्हता.

ग्रॅव्हल पॅकमध्ये स्क्रीनभोवती मापाची खडी भरतात, म्हणजे खडी वाळू अडवते आणि स्क्रीन खडी अडवते. माप कसं काढायचं तर १९७४ साली सॉशियर नावाच्या इंजिनिअरनं सांगितलेलं सूत्र अजून चालतं, खडीचा मधला आकार थराच्या वाळूच्या मधल्या आकाराच्या ५ ते ६ पट. वाळू ०.१२ मिमी असेल तर खडी ०.६ ते ०.७ मिमी, म्हणजे २०/४० मेश घ्यायची (इंचाला २० भोकांच्या चाळणीतनं पडणारी पण ४० च्या चाळणीवर अडणारी). खडी याहून मोठी घेतली तर वाळू खडीतच घुसून बसते आणि पॅकच तुंबतो. इथला खरा धोका थराला होणारी इजा, ज्याला आम्ही स्किन म्हणतो. खडी वाहून न्यायचं जेल नीट तुटलं नाही (पातळ झालं नाही), ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी फिल्टर केलं नाही, किंवा कुणी गोडं पाणी मारलं तर थरातली चिकणमाती फुगते नाहीतर बारीक कण सुटून वाटा बुजवतात. म्हणून पाण्यात २-३ टक्के पोटॅशियम क्लोराइड हवंच. नंतर अॅसिड मारून सुधारू म्हणू नका, सैल वाळूत मड अॅसिडनं (हायड्रोक्लोरिक-हायड्रोफ्लोरिक अॅसिडचं मिश्रण) कणांमधला उरलासुरला जोडही सुटतो.

तिसरा मार्गही आहे, पीसी पंप (स्क्रूसारखा फिरणारा पंप) टाकून वाळू येऊ द्यायची, कॅनडात लॉइडमिन्स्टरकडं जड तेलासाठी मुद्दाम असं करतात. पण वर आलेली वाळू ठेवायची, साफ करायची सोय असली तरच.

माझं मत विचाराल तर डी४०/डी९० हे गुणोत्तर (डी४० म्हणजे ज्या मापाहून ४० टक्के वाळू जाड, डी९० म्हणजे ज्याहून ९० टक्के जाड) ३ च्या आत आणि भुकटी अगदी कमी असली तर स्क्रीन बिनधास्त घ्या. ५ च्या वर गेलं, किंवा पाणी लवकर येणार असं दिसलं, तर ग्रॅव्हल पॅकच, थोडं उत्पादन स्किनमुळं गेलं तरी चालेल. मधे असलं तर विहीर किती वर्षं चालवायची आणि वर्कओव्हर रिग किती लवकर मिळते ते बघून ठरवा.

आणि चाळणीसाठी वाळू कोअरमधली (ड्रिलिंग करताना थराचा काढलेला अखंड नमुना) नाहीतर साइडवॉलची (विहिरीच्या भिंतीतनं काढलेला नमुना) घ्या. बेलरनं (खाली सोडायचं बादलीसारखं नळकांडं) तळातनं काढलेल्या वाळूतले बारीक दाणे तेलाबरोबर आधीच वर निघून गेलेले असतात, त्यावर माप काढलं की खडी हमखास मोठी येते.