स्टिरिओ बसवताना प्लास्टिक कापायला काय घ्यायचं? मिनी ग्राइंडर, निपर आणि सनमायका कटर

जुन्या गाडीतला डबल डिन (दोन खणांच्या उंचीचा जुना स्टिरिओ) काढून नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ टाकायचा म्हटलं की फ्रेम गाडीच्या मॉडेलची मिळते हो, पण मागे डॅशबोर्डच्या आतल्या रिब (मजबुतीच्या उभ्या पट्ट्या) आणि कोपरे आड येतातच, आणि ॲक्सेसरीवाला पोरगा सरळ सोल्डरिंग आयर्न घेऊन ते वितळवायला बसतो. गाडीभर धूर, कडेला गाठी, आणि पुढे त्याच गाठींवर वायरिंग घासत राहणार. म्हणून हे काम घरी करायचं ठरवलं आणि टूल्स घेतली, त्यांचा हा रिव्ह्यू.

आधी मिनी ग्राइंडर, कारण यूट्यूब बघून सगळे तोच घेतात. ऑनलाइन जो शंभर-दीडशे तुकड्यांचा स्वस्त किट येतो त्यातला कटिंग डिस्क प्लास्टिकला लावूच नका, तो कापत नाही, वितळवतो. पुढे चीर पडते आणि मागे तीच चीर वितळलेल्या प्लास्टिकने परत चिकटते. एबीएस (हे कडक प्लास्टिक) शंभर-एकशेपाच डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि हे मशीन तीस हजार आरपीएमने घासतंय, मग काय होणार! स्पीडचा डायल असलेलं वायरवालं मशीन घ्या, सगळ्यात कमी स्पीडला ठेवा आणि डिस्कऐवजी कार्बाइड बर (खरवडणारं छोटं दातेरी टोक) लावा, मग कोपरे गोल करायला झकास आहे. यूएसबीवर चार्ज होणारं पेनासारखं मशीन जाड रिबमध्ये दाबलं की थांबतं, ते नकोच.

खरं काम केलं ते निपरने, म्हणजे छोट्या कापणाऱ्या पकडीने. टपारियाचा मायक्रो निपर, आपल्या नाशिकच्या सातपूरची कंपनी, अडीचशेच्या आत मिळाला. रिब एकदम मुळाशी नाही कापायची, आधी वरून थोडी थोडी कुरतडत यायचं, नाहीतर पुढच्या दिसणाऱ्या बाजूला पांढरा डाग उमटतो. उरलेलं खुंट अर्धगोल कानशीने. कानस जेके फाइल्सची घेतली (रत्नागिरीला त्यांचा कारखाना आहे, कोकणातल्यांना सांगायला नको). मग १२० आणि २४० चा पॉलिश पेपर, संपलं.

फ्रेमची कड सरळ कापायची असेल तर सुतार वापरतात तो सनमायका कटर, आकड्यासारख्या पात्याचा. पट्टी धरून पाच-सहा वेळा ओढायचा आणि वाकवून मोडायचं, एबीएस बिस्किटासारखं तुटतं. पण हे पीपीला (पॉलिप्रॉपिलीन, जरा लवचिक प्लास्टिक) चालत नाही, ते नुसतं वाकतं. पार्टच्या मागच्या बाजूला पीपी की एबीएस ते बहुतेक वेळा उमटवलेलं असतं, बघून घ्या. पीपीला, म्हणजे बंपर वगैरेला, बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड बरं, टोकाला टेप गुंडाळून नुसतं हातात धरायचं.

पैसे असतील तर ऑसिलेटिंग मल्टीटूल हे सगळ्यांत भारी. त्याचं पातं गोल फिरत नाही, तीनेक अंशात इकडून तिकडे थरथरतं, त्यामुळे अडचणीच्या जागी रिब सपाट कापली जाते आणि भुगा फारसा उडत नाही. पण एका स्टिरिओसाठी तीन-चार हजार कशाला घालवता, मॉड्युलर किचनवाल्या मित्राकडून मागून आणा. पार्किंग सेन्सरसाठी बंपरला भोक पाडायचं म्हणाल तर किटमध्येच होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) येतो, बहुतेक २२ एमएमचा, मास्किंग टेप लावून बाहेरून आत हळू ड्रिल करा, वेगळं काही घ्यायची गरज नाही.

कापायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, चष्मा घाला, आणि आत पिवळा कनेक्टर दिसला तर तिथं हत्यार नेऊच नका, ती एअरबॅगची वायर असते. भुगा व्हॅक्यूमने ओढायचा, फुंकर मारली की सगळा एसीच्या डक्टमध्ये.

खरेदी पुण्यात बोहरी आळीत, मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच. निपर ऑनलाइन नका मागवू. दुकानात पातं मिटून उजेडासमोर धरा, मधून फट दिसली तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.