बांडुंगहून अर्धा दिवस: चिआतेर की दोमास?

जावा बेटावरच्या बांडुंगच्या उत्तरेला तांगकुबान पराहू, म्हणजे 'पालथी होडी', हा २,०८४ मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्याच्या परिसरात दोन ठिकाणं: चिआतेरची गरम पाण्याची कुंडं आणि दोमास हे विवर. आजी-आजोबा, पोरंटोरं सोबत असतील तर बिनदिक्कत चिआतेर. चहाच्या मळ्यांतून गाडीने जायचं आणि कुंडात निवांत डुंबायचं. पाणी गंधकाचं, आंबट. डोळ्यांत गेलं की चरचरतं. चांदीचे पैंजणही काळे पडतात, काढूनच उतरा.

दोमास विवराला मात्र रानातून पायी खाली उतरायचं. डुंबणं नाहीच, फार तर पाय शेकायचे. पण खदखदत्या डबक्यात उकडलेलं अंडं तिथेच, बोटं भाजत सोलून खायचं! परतीच्या चढाला गुडघे कुरकुरतात. तरी मी दोमासच निवडेन. आंघोळ काय, घरीही होते. सकाळीच निघा, दुपारी वर धुकं उतरतं.